विश्लेषण : एका अभियंत्याच्या दुखऱ्या गुडघ्यातून हळुवार उपचारपद्धती कशी जन्मली?

पाठ आखडली किंवा गुडघा धरला की आपण तो दाबतो, ओढतो, ताणतो. मोशे फेल्डेनक्राइस यांनी नेमके उलट केले. ज्युदोत ब्लॅक बेल्ट मिळवलेल्या या अभियंत्याने जोर न लावता, हलक्या हाताने शरीराला नव्याने हालचाल शिकवण्याची पद्धत उभी केली. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ती नेमकी काय आहे आणि तिच्यावर किती विसंबावे?

फेल्डेनक्राइस कोण होते?

त्यांचा जन्म ६ मे १९०४ रोजी स्लावुता येथे एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज युक्रेनमध्ये आहे. वयाच्या चौदाव्या वर्षी ते घर सोडून पॅलेस्टाइनला निघाले. तिथे त्यांनी मजुरी केली, शिक्षण पूर्ण केले आणि जमीन मोजणीचे काम केले. १९३० मध्ये ते पॅरिसला गेले, अभियंता झाले आणि नोबेल विजेते फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांच्यासोबत संशोधन करू लागले. १९३३ मध्ये ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांची भेट झाली. त्यानंतर फ्रान्समध्ये ज्युदो रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला.

गुडघ्याचे काय झाले?

१९२९ मध्ये फुटबॉल खेळताना त्यांचा डावा गुडघा जबर दुखावला. पुढे एका प्रसंगाने त्यांना विचारात पाडले. दुखरा पाय उचलून चालताना ते घसरले आणि चांगल्या पायाचा गुडघाही दुखावला. आता अंथरुणावरून उठता येणार नाही, अशी त्यांना भीती होती. प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी ते चक्क जुन्या, दुखऱ्या पायावर उभे राहिले.

सांधा एका रात्रीत दुरुस्त होत नाही. मग बदल कुठे झाला? स्नायूंना आज्ञा देणाऱ्या मेंदूत, असे उत्तर त्यांनी काढले.

१९४० मध्ये नाझी फौजांपासून वाचण्यासाठी ते ब्रिटनला गेले. स्कॉटलंडमधील फेअरली येथे ते पाणबुड्या शोधण्याच्या तंत्रावर काम करू लागले. निसरड्या डेकवर वावरताना गुडघ्याने पुन्हा दगा दिला. शस्त्रक्रिया यशस्वी होण्याची खात्री डॉक्टर देत नव्हते. त्यांनी ती नाकारली आणि शरीररचना, मेंदू, बाळांची वाढ यांचा अभ्यास करत स्वतःच्याच हालचाली तपासल्या. त्यातूनच १९४९ मध्ये ‘बॉडी अँड मॅच्युअर बिहेविअर’ हे पुस्तक आले.

ही पद्धत कशी चालते?

तिचे दोन भाग आहेत. पहिल्यात गटाला जमिनीवर झोपवून, केवळ तोंडी सूचना देऊन संथ हालचाली करवून घेतात. दुसऱ्यात प्रशिक्षक एकाच व्यक्तीला टेबलावर झोपवून हाताने तिचे पाय, बरगड्या, मान अलगद हलवतो. कपडे काढावे लागत नाहीत. तेल नाही, चोळणे नाही, हाडे कडकड मोडणे नाही.

यामागचे गणित सोपे आहे. खांद्यावरच्या भरलेल्या गॅस सिलिंडरवर कुणी लिंबू ठेवले तर कळतही नाही; रिकाम्या तळहातावर ठेवले तर लगेच कळते. जोर जितका कमी, तितका बारीक फरक मेंदूला टिपता येतो आणि हालचालीची सोपी वाट सापडते, असे फेल्डेनक्राइस मानत.

प्रसिद्धी कशी मिळाली?

१९५० च्या दशकात ते इस्रायलला परतले. लष्करासाठी इलेक्ट्रॉनिक्सचे काम केले आणि नंतर पूर्ण वेळ याच कामाला वाहून घेतले. पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन पाठदुखीने बेजार होते. तेही त्यांच्याकडे शिकू लागले. १९५७ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या बेन-गुरियन यांचा समुद्रकिनाऱ्यावर शीर्षासन करतानाचा फोटो गाजला. पुढे तेल अवीव, सॅन फ्रान्सिस्को आणि ॲमहर्स्ट येथे फेल्डेनक्राइस यांनी प्रशिक्षक घडवले. १ जुलै १९८४ रोजी त्यांचे निधन झाले.

शास्त्रीय पुरावा काय सांगतो?

सराव आणि अनुभवाने मेंदू बदलतो, हे आज विज्ञानाला मान्य आहे. पण तेवढ्याने या पद्धतीचा प्रत्येक दावा सिद्ध होत नाही. २०१५ मध्ये २० चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. ज्येष्ठांचा तोल सुधारण्याबाबत त्यात आशादायक निष्कर्ष दिसले, मात्र अनेक चाचण्यांचा दर्जा कमकुवत होता. त्याच वर्षी ऑस्ट्रेलिया सरकारच्या आढाव्यातही ठोस पुरावा सापडला नाही.

मग आपण काय लक्षात ठेवावे?

फेल्डेनक्राइस डॉक्टर नव्हते आणि आपल्या कामाला ते उपचार नव्हे, शिकवणे म्हणत. हा फरक महत्त्वाचा आहे. सांध्याला अचानक सूज आली, पायावर भार देता येईना किंवा बधिरपणा जाणवला, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. गंभीर कारण नाही हे तपासणीतून कळल्यावर, आखडलेल्या शरीराला जबरदस्ती न करता हलवून पाहायला हरकत नाही. मात्र दुखू लागले तर तिथेच थांबावे.