विश्लेषण : रेन्वारच्या ‘अल्जीरियन’ सुंदरीचं गुपित काय होतं?

भरजरी कपडे, उशांचा आधार आणि गालिच्यावर सैलावलेली तरुणी. फ्रेंच चित्रकार ओग्यूस्त रेन्वारचं ‘ओदालिस्क’ मोबाइलवर झूम करून पाहिलं, तर वाटेल की हा माणूस अल्जीरियात राहून आलाय. प्रत्यक्षात तो तिकडे पहिल्यांदा गेला १८८१ मध्ये. चित्र १८७० चं आहे आणि त्यातली मुलगी फ्रान्सचीच, लीझ त्रेओ.

मग हा पोशाख कशासाठी?

रेन्वार शिंप्याचा मुलगा. लहानपणी चिनी मातीच्या भांड्यांवर फुलं रंगवायचा. पॅरिसमध्ये नाव करायचं तर ‘सलों’ या सरकारी प्रदर्शनात चित्र लागणं गरजेचं होतं. देलाक्रवाच्या ‘अल्जीरियाच्या स्त्रिया’ या १८३४ च्या चित्रापासून तिथे पौर्वात्य वेशाची चलती होती. रेन्वारने तीच वाट धरली आणि १८७० च्या सलोंने चित्र घेतलं. त्याच वर्षी तिथे त्याचं आणखी एक चित्र लागलं. त्यातही लीझच!

लीझ कोण होती?

एका चित्रकार मित्राच्या प्रेयसीची धाकटी बहीण. ओळख झाली तेव्हा जेमतेम सतरा-अठरा वर्षांची. पुढच्या सहा-सात वर्षांत ती वीसहून अधिक चित्रांत दिसते. ती त्याची प्रेयसीही होती. १८६८ मध्ये त्यांना मुलगा झाला.

‘ओदालिस्क’ सलोंच्या भिंतीवर होतं, तेव्हा लीझ पुन्हा गरोदर होती. चित्रातल्या ढगळ कपड्यांकडे आता वेगळ्या नजरेने पाहिलं जातं, ते त्यामुळेच. १९ जुलै १८७० ला फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटलं. दोनच दिवसांनी मुलगी जन्मली, जान. रेन्वार घोडदळात भरती झाला, आजारी पडून परतला. खिशात पैसे नव्हते, लग्नही झालं नव्हतं. जानला आईचं आडनाव मिळालं आणि ती दाईकडे वाढली.

१८७२ मध्ये त्याने लीझला पुन्हा अल्जीरियन वेशात रंगवलं. हे चित्र मात्र सलोंने नाकारलं. त्याच वर्षी दोघं वेगळे झाले. पुढे लीझने एका वास्तुविशारदाशी लग्न केलं. रेन्वारने १८९० मध्ये आलीन शारिगोशी लग्न केलं, पण जानला तो गुपचूप पत्रं आणि पैसे पाठवत राहिला. मुलीची जबाबदारी घेतली, नाव मात्र दिलं नाही. याला मोठेपणा म्हणणं जरा जड जातं.

रेन्वार १९१९ मध्ये गेला, लीझ १९२२ मध्ये. जानचं नातं जगाला कळलं ते थेट २१ व्या शतकात. ‘ओदालिस्क’ आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे.