अनंत मोजणारा माणूस

सेट थिअरी म्हटलं की आपल्याला अकरावीचं पहिलं प्रकरण आठवतं. दोन गोल काढायचे, मधला भाग पेन्सिलीने रंगवायचा, मार्क खिशात! कॉम्प्युटरवाल्यांना ती सेकंड इयरला परत भेटते आणि तेव्हा जरा घाम फोडते. पण हे सगळं ज्याच्या डोक्यातून निघालं तो माणूस कोण होता, हे आपल्याला कुणी सांगत नाही. आणि सांगितलंच तर एका वाक्यात सांगतात : तो अनंताचा विचार करता करता वेडा झाला.

मीसुद्धा हे वाक्य बरीच वर्षं इतरांना ऐकवत होतो. सेकंड इयरला आमच्या विंगमधला एक मित्र आजारी पडला तेव्हा हेच वाक्य मी त्याच्याबद्दलही वापरलं. त्याबद्दल शेवटी सांगतो. आधी गेऑर्ग कँटर.

कँटरचा जन्म ३ मार्च १८४५ चा, रशियातल्या सेंट पीटर्सबर्गचा. वडील व्यापारी. आईचं घराणं संगीतातलं, त्यामुळे पोराच्या हातात व्हायोलिन लवकर आलं. १८५६ साली कुटुंब जर्मनीत आलं. आता आपल्या ओळखीची गोष्ट ऐका. वडिलांची इच्छा काय, तर पोराने इंजिनिअर व्हावं! अभियांत्रिकीच्या आकाशात तू ताऱ्यासारखा चमकावंस, अशा अर्थाचं पत्रच त्यांनी मुलाला लिहिलं होतं. मुलगा डार्मस्टाटच्या तंत्रशाळेत गेलाही, पण त्याचं मन गणितात. शेवटी १८६२ साली वडिलांनी परवानगी दिली आणि त्याला आभाळ ठेंगणं झालं. पुढच्याच वर्षी वडील वारले. झ्युरिचचं शिक्षण सोडून कँटर बर्लिनला गेला. तिथे वायरश्ट्रास, कुम्मर आणि क्रोनेकर असे एकाहून एक दिग्गज शिकवायला होते. १८६७ ला डॉक्टरेट, १८६९ ला हाले नावाच्या मध्यम गावातल्या विद्यापीठात नोकरी. बर्लिनला बोलावणं येईल म्हणून तो आयुष्यभर वाट पाहत राहिला. ते कधीच आलं नाही.

त्याने केलं काय, ते थोडक्यात. समजा आपल्या हॉस्टेलला अनंत खोल्या आहेत आणि सगळ्या भरलेल्या आहेत. एफ.ई.चा एक नवा पोरगा ट्रंक घेऊन दारात उभा. रेक्टर म्हणतात, प्रत्येकाने एक खोली पुढे सरका. पहिला दुसरीत, दुसरा तिसरीत... आणि पहिली खोली रिकामी! (ही गंमत नंतर हिल्बर्टने हॉटेलचं उदाहरण घेऊन सांगितली.) जगातले सगळे अपूर्णांक आले तरी या खोल्यांत बसतात. पण शून्य आणि एक यांच्यामधल्या सगळ्या दशांश संख्या आल्या तर? त्या बसत नाहीत. तुम्ही कशीही यादी लावा. पहिल्या संख्येचा पहिला अंक बदला, दुसरीचा दुसरा, तिसरीचा तिसरा, असं करत तिरकं खाली जा. जी नवी संख्या तयार होते ती तुमच्या यादीत कुठेच नसते. म्हणजे एक अनंत दुसऱ्या अनंतापेक्षा मोठं! हा निष्कर्ष कँटरने डिसेंबर १८७३ मध्ये वेगळ्या रीतीने सिद्ध केला आणि १८७४ ला छापला. ही तिरक्या रेषेची युक्ती १८९१ ची.

१८७४ सालीच त्याचं वॅली गुटमान हिच्याशी लग्न झालं. त्यांना सहा मुलं झाली. लग्नानंतरच्या प्रवासातही तो स्वित्झर्लंडमध्ये रिशार्ड डेडेकिंड या गणिती मित्राशी चर्चा करत बसला होता. बायको काय म्हणाली असेल याची कल्पना करा. डेडेकिंड शांत स्वभावाचा, कमी बोलणारा. कँटरने कल्पना पाठवायची, डेडेकिंडने ती तपासून चूक दाखवायची, असं चाले. १८७७ मध्ये कँटरने सिद्ध केलं की एका रेषेवर जेवढे बिंदू, तेवढेच एका चौरसात. त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसेना. डेडेकिंडने सिद्धतेतली फट दाखवली, कँटरने ती बुजवली. असा एक मित्र असणं म्हणजे काय, हे सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्याला कळतंच.

पण सगळे डेडेकिंड नसतात. बर्लिनच्या क्रोनेकरला हे अनंताचं प्रकरण अजिबात मान्य नव्हतं. पूर्णांकांपासून मोजक्या पायऱ्यांत जे बांधता येतं तेच खरं गणित, बाकी हवेतल्या गप्पा, असं त्याचं मत. कँटरचा १८७७ चा लेख छापायला उशीर झाला, तेव्हा त्यामागे क्रोनेकर आहे अशी कँटरची खात्री झाली. पुन्हा त्या नियतकालिकात त्याने काही छापलं नाही. १८८२ च्या सुमारास डेडेकिंडशी पत्रव्यवहारही तुटला. कँटरने त्याला हालेला प्राध्यापक म्हणून यायचा आग्रह केला होता, त्याने नकार दिला, ते कँटरला लागलं.

आणि मे १८८४ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, कँटर पहिल्यांदा आजारी पडला.

महिनाभराहून अधिक काळ तो कामातून गेला. बरा झाल्यावरही गणितात परतायचा आत्मविश्वास राहिला नव्हता. गणिताऐवजी तत्त्वज्ञान शिकवू द्या, अशी मागणी त्याने केली. शेक्सपिअरची नाटकं खरं तर फ्रान्सिस बेकनने लिहिली, या कल्पनेने त्याला झपाटलं. पण याच काळात त्याने आणखी एक गोष्ट केली. त्याने स्वतःहून क्रोनेकरला समेटाचं पत्र लिहिलं आणि बर्लिनला जाऊन त्याला भेटला. मतभेद मिटले नाहीत, पण आजारातून उठलेल्या माणसाने टाकलेलं ते पाऊल होतं.

त्या वर्षी स्वीडनच्या मिटाग-लेफलर या संपादकाला त्याने पन्नासच्या वर पत्रं लिहिली. याच माणसाने आपल्या नियतकालिकात कँटरचं काम फ्रेंचमध्ये छापून युरोपभर नेलं होतं. पण १८८५ मध्ये त्याच मिटाग-लेफलरने एक लेख मागे घ्यायला सुचवलं. कारण काय, तर हा लेख काळाच्या शंभर वर्षं पुढे आहे. त्याचा हेतू चांगलाच असावा, पण कँटरच्या जिव्हारी लागलं. मदत करणारा माणूसही कधीकधी चुकीचं बोलून जातो. तुम्ही-आम्हीसुद्धा.

पुढची वर्षं बघा मात्र! १८९० मध्ये जर्मन गणितज्ञांची संघटना उभी राहिली, तिच्यामागची मोठी धडपड कँटरची. तोच पहिला अध्यक्ष. नव्या पोरांना आपलं म्हणणं मोकळेपणाने मांडायला जागा हवी, एखाद्या बड्या माणसाच्या मर्जीवर त्यांचं नशीब ठरू नये, असं त्याला वाटे. स्वतःला जे मिळालं नाही ते त्याने इतरांसाठी बांधलं. १८९१ ला हालेत पहिली सभा झाली, तिला त्याने क्रोनेकरलाही बोलावलं होतं! पत्नीच्या अपघातामुळे क्रोनेकर येऊ शकला नाही आणि त्याच वर्षअखेर तो वारला. १८९५ आणि १८९७ मध्ये कँटरचे दोन मोठे लेख आले. १८९७ ला झ्युरिचच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याच्या कामाचं उघड कौतुक झालं.

आता हिशोब करा. १८९१ मध्ये क्रोनेकर गेला. १८९७ मध्ये मान मिळाला. म्हणजे आजार क्रोनेकरमुळे किंवा अपमानामुळे झाला असेल, तर यानंतर तो थांबायला हवा होता. झालं उलट. १८९९ मध्ये कँटरला दवाखान्यात दाखल व्हावं लागलं. प्राध्यापकी सोडतो, मला ग्रंथालयात एखादी शांत जागा द्या, असं त्याने सरकारला लिहिलं. नाहीतर झारच्या सेवेत जाईन, असंही! त्याच डिसेंबरात तो बेकनवर भाषण द्यायला लाइपझिगला गेला असताना धाकटा मुलगा रुडॉल्फ अचानक वारला. तेरा वर्षंही पूर्ण झाली नव्हती. पोरगा व्हायोलिन छान वाजवायचा.

त्यानंतर आजार वरचेवर येत राहिला. १८९९-१९००, १९०२-०३, १९०४-०५, १९०७-०८ या हिवाळी सत्रांना त्याने रजा घेतली. कधी रजेत, कधी हालेच्या मनोरुग्णालयात, आणि मधल्या काळात परत वर्गात, हातात खडू. ही माहिती वाचली तेव्हा मला सगळ्यात जास्त आश्चर्य याचं वाटलं. विद्यापीठाने त्याची जागा ठेवली. रजा मिळाली, नोकरी राहिली. १९१३ ला तो निवृत्त झाला तो प्राध्यापक म्हणूनच. हान्डेल रस्त्यावरचं घर वॅलीने चालू ठेवलं, बरा होऊन यायला त्याला एक दार कायम होतं. १९०४ ला हायडेलबर्गच्या परिषदेत एका गणितज्ञाने कँटरचं एक मुख्य अनुमान चूक ठरल्याचं जाहीर केलं. कँटर समोरच बसला होता, मुलींसोबत. तो पार हादरला. पण झेरमेलो या तरुणाने थोड्याच काळात त्या सिद्धतेतली चूक शोधून काढली. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सिल्व्हेस्टर पदक दिलं.

शेवट मात्र कठीण होता. जून १९१७ मध्ये तो पुन्हा दवाखान्यात दाखल झाला. महायुद्ध चालू, जर्मनीत खायचे हाल. मला घरी न्या, अशी पत्रं तो बायकोला लिहीत राहिला. ६ जानेवारी १९१८ ला हृदयविकाराने तो तिथेच गेला.

वेडा झाल्याची गोष्ट लोकप्रिय केली ती बेल या लेखकाच्या १९३७ च्या पुस्तकाने. त्यात वडील आणि क्रोनेकर असे दोन खलनायक होते. पुढे १९७० च्या दशकात इतिहासकारांनी कागदपत्रं तपासली आणि वेगळं चित्र समोर आलं. कँटरला जो आजार होता त्याला आज आपण बायपोलर डिसऑर्डर म्हणतो. काही दिवस किंवा आठवडे मन भलतंच चढतं. झोप नको वाटते, कल्पनांचा पूर, मोठमोठे बेत, कुणी अडवलं की संताप. नंतर ते तितकंच खोल उतरतं. अंथरुणातून उठवत नाही, आवडती गोष्टही नकोशी होते. आणि मध्ये बऱ्यापैकी सरळ काळ. भांडण, दुःख, जागरण यांनी झटका लवकर येऊ शकतो, पण मूळ आजार शरीरातला, मेंदूतला. गणिताने तो झाला नाही आणि आजाराने गणित सुचलं असंही नाही. त्याचं उत्तम काम डोकं ठिकाणावर असतानाचं आहे.

त्याच्या वेळी औषध नव्हतं. या आजाराचं नीट वर्णन क्रेपेलिन या जर्मन डॉक्टरने १८९९ च्या आपल्या ग्रंथात केलं, म्हणजे कँटर दाखल झाला त्याच वर्षी. लिथियमचा उपयोग ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये दाखवला. हो, मोबाईलच्या बॅटरीत असतं तेच मूलद्रव्य, अणुक्रमांक तीन. कँटरला जाऊन तोपर्यंत एकतीस वर्षं झाली होती. आज लिथियम आहे, इतर औषधं आहेत. रक्त तपासत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती घ्यावी लागतात, बहुतेकदा दीर्घकाळ. पण माणूस शिकतो, नोकरी करतो, संसार करतो.

आता आमचा मित्र. चौथ्या सेमिस्टरला तो सलग चार रात्री झोपला नाही. भिंतभर सर्किट काढली, कंपनी काढणार म्हणाला, मेसच्या पैशातून सगळ्या विंगला बूट आणले. आम्ही टाळ्या वाजवल्या! तीन आठवड्यांनी तो खोलीतून बाहेर येईना. आम्ही म्हणालो, नाटकं करतोय. मग त्याचा भाऊ आला आणि त्याला घेऊन गेला. आणि मी सगळ्यांना सांगितलं : जास्त अभ्यासाने डोक्यावर परिणाम झाला.

एक सेमिस्टर त्याचं गेलं. तो परत आला, गोळ्या घेऊन. रूम मागताना त्याने माझीच मागितली, का ते मला अजून कळलेलं नाही. तेव्हापासून रात्री साडेनऊला तो गोळी घेतो आणि अकराला आमच्या खोलीतला दिवा बंद होतो, परीक्षा असली तरी. झोप मोडली की आजार डोकं वर काढतो, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलंय. मला अभ्यास करायचा असला तर मी रीडिंग रूममध्ये जातो. मी त्याच्यासाठी करतो ते एवढंच. त्याने मला हा लेख लिहायला परवानगी दिली, फक्त बुटांचं लिहू नकोस म्हणाला. ते मी ऐकलं नाही, सॉरी.

मित्रहो, तुमच्या विंगमध्येही कुणी असेल. चार रात्री जागलेला किंवा चार दिवस मेसला न आलेला. टाळ्या वाजवू नका, टोमणा मारू नका. दार वाजवा, सोबत जेवायला न्या, त्याला विचारून घरी फोन लावा, रेक्टरांना किंवा ओळखीच्या सरांना सांगा, मनोविकारतज्ज्ञाकडे त्याच्याबरोबर जा. रात्री-अपरात्री कुणी सापडलं नाही तर १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस नंबर आहे, फुकट आहे. जिवाचं काही बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका. आणि तो माणूस तुम्ही स्वतःच असाल, तर शेजारचं दार तुम्ही वाजवा. आपल्या हॉस्टेलला अनंत खोल्या नाहीत. शेजारची खोली दोन पावलांवर आहे.