हुआन दे पारेहा : गुलाम ते चित्रकार

बालमित्रांनो, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात एका माणसाचे चित्र आहे. सावळा वर्ण, दाट काळे केस, पांढरी लेसची कॉलर आणि थेट आपल्याकडे पाहणारे डोळे. एखाद्या सरदारासारखा दिसणारा हा माणूस, चित्र काढले तेव्हा गुलाम होता! त्याचे नाव हुआन दे पारेहा.

त्याचा जन्म सुमारे १६०८ साली दक्षिण स्पेनमधील अँतेकेरा या गावी झाला. पुढे तो माद्रिदला, राजाचा चित्रकार दिएगो वेलास्केस याच्याकडे गुलाम होता. त्या काळी तयार रंगांच्या ट्यूब मिळत नसत. रंग तेलात घोटणे, चित्रासाठी कापड ताणून तयार करणे अशी कामे तो करी. ती करता करता तो स्वतःही चित्रे काढायला शिकला.

१६४९ साली वेलास्केस इटलीला निघाला. त्याने पारेहाला बरोबर नेले. रोममध्ये त्याने पारेहाचे चित्र काढले आणि १६५० च्या मार्चमध्ये ते पँथिऑन या प्राचीन वास्तूत मांडले. सगळ्यांनी चित्राची वाहवा केली; पण चित्रातला माणूस मात्र मोकळा झाला नव्हता.

त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला वेलास्केसने त्याच्या मुक्ततेचा कागद करून दिला. त्यातही अट होती : आणखी चार वर्षे चाकरी करायची, पळून जायचे नाही. म्हणजे खरी सुटका १६५४ साली! राजाने त्याचे चित्र पाहिले आणि खूश होऊन त्याला मुक्त करविले, अशी गोष्ट जुन्या पुस्तकांत आहे. पण रोममध्ये तो कागद सापडला आणि खरी हकिगत कळली.

त्यानंतर पारेहा माद्रिदमध्ये स्वतंत्र चित्रकार म्हणून राहिला. १६६१ साली त्याने येशूने संत मॅथ्यूला बोलावल्याचा प्रसंग रंगविला. हे सव्वातीन मीटर रुंद चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. त्यात डाव्या कडेला त्याने स्वतःलाच उभे केले आहे. हातात एक कागद आहे आणि त्यावर त्याचे नाव! एका कागदाने त्याला स्वातंत्र्य मिळाले. या दुसऱ्या कागदावर त्याने आपले नाव स्वतःच लिहिले.

१६७० च्या सुमारास माद्रिदमध्ये त्याचे निधन झाले.

मुलांनो, पुढच्या वर्गाला येताना स्वतःचे चित्र काढून आणा. खाली आपले नाव मराठीत लिहायला विसरू नका. आईबाबांनीही काढायला हरकत नाही!