काळ्या आजाराने मागे ठेवलेला डाग

डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी हे नाव उच्चारले की युरिया स्टिबामाइन हे औषध आठवते, आणि ते स्वाभाविकच आहे. या औषधाने बंगाल, आसाम व बिहारमधील असंख्य लोकांना मृत्यूच्या दाढेतून परत आणले. परंतु औषधाच्या या कीर्तीत त्यांचे १९२२ सालचे एक निरीक्षण झाकोळून गेले. रोगी बरा झाला म्हणजे रोग संपला असे नव्हे, हा त्या निरीक्षणाचा मथितार्थ होय. आणि आरोग्यावर खर्च करणाऱ्या शासनाला तो नेहमीच गैरसोयीचा वाटत आला आहे.

१८७३ साली जन्मलेल्या उपेंद्रनाथांचे वडील रेल्वेत डॉक्टर होते. जमालपूरचे शालेय शिक्षण आटोपून त्यांनी हुगळीच्या महाविद्यालयातून पदवी घेतली, कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून एम. ए. केले आणि मग ते वैद्यकाकडे वळले. १९०२ मध्ये ते एम. डी. झाले, १९०४ मध्ये रक्तपेशींच्या विघटनावरील प्रबंधाने त्यांना पीएच. डी. मिळवून दिली. रसायनशास्त्र आणि वैद्यक यांचा हा संगमच पुढे फलदायी ठरला. १९०५ पासून ते कलकत्त्याच्या कॅम्बेल मेडिकल स्कूलमध्ये शिकवू लागले. तेथील एका लहानशा खोलीत वीज, गॅस वा पाण्याचा नळ नसताना, कंदिलाच्या उजेडात त्यांचे संशोधन चाले.

काळ्या आजाराचा परजीवी लिशमन व डोनोव्हन यांनी १९०३ मध्ये जगापुढे आणला होता. दीर्घकाळ ताप, वाढलेली प्लीहा, खंगत जाणारे शरीर अशी या रोगाची वाटचाल असे, आणि उपचाराविना बहुतेक रोगी दगावत. अँटिमनीचे तत्कालीन औषध, टार्टर एमेटिक, उपयोगी होते. पण ते विषारी होते आणि उपचार महिनोन्महिने चालत. रोजंदारीवर जगणाऱ्याला इतके दिवस रुग्णालयात राहणे म्हणजे कुटुंबाची उपासमारच. युरिया स्टिबामाइनने हा काळ काही आठवड्यांवर आणला. या शोधाचे आर्थिक मोल वैद्यकीय मोलाइतकेच मोठे आहे.

तथापि ब्रह्मचारींची दृष्टी औषधापाशी थांबली नाही. अँटिमनीच्या उपचारांनी बरे झालेल्या काही रोग्यांच्या त्वचेवर कालांतराने डाग व गाठी उमटलेल्या त्यांना दिसल्या. ताप नव्हता, प्लीहा वाढलेली नव्हती. पण त्वचेत तोच परजीवी होता. १९२२ मध्ये त्यांनी या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले.

एकच जंतू एकाला मारतो, दुसऱ्याच्या कातडीत वर्षानुवर्षे मुक्काम करतो आणि तिसऱ्याला काहीच करीत नाही, हे कसे? उत्तर बरेचसे यजमानाच्या शरीरात आहे. हा परजीवी ज्या भक्षकपेशींनी त्याला गिळून नष्ट करावयाचे, त्यांच्यातच बिऱ्हाड थाटतो. प्रतिकारयंत्रणेतील टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा पाठवून या पेशींना चेतवतात, तेव्हा जंतू मरतो. इंटरल्यूकिन-१० हे द्रव्य वरचढ झाले की तीच यंत्रणा मंदावते. औषधाने पोटातील अवयव जंतुमुक्त झाले तरी त्वचेत हा तोल बिघडलेला राहू शकतो. यात आनुवंशिकतेचाही वाटा आहे. भारत व ब्राझीलमधील लोकांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या तौलनिक अभ्यासात, जंतूचे अंश टी-पेशींपुढे मांडणाऱ्या एचएलए जनुकांतील भेदांचा काळ्या आजाराच्या शक्यतेशी संबंध आढळला. मात्र जनुके कल ठरवतात, विधिलिखित नव्हे. कुपोषण आणि ओलसर कुडाची घरे आपले काम करीतच असतात.

भारतीय उपखंडात उपचार झालेल्यांपैकी साधारण पाच ते दहा टक्के लोकांना, बहुधा दोन-तीन वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा, हा त्वचाविकार होतो. त्यांना वेदना नसतात, मजुरी बुडत नाही, म्हणून ते दवाखान्याची पायरी चढत नाहीत. चढले तरी कधी कधी कुष्ठरोगाचा शिक्का बसतो. वाळूमाशीच्या दंशाने काळा आजार पसरतो हे १९४२ मध्ये निर्विवाद सिद्ध झाले. त्वचेवरील या डागांतून माशीला जंतू मिळू शकतो हेही आता प्रयोगांनी दाखविले आहे. ज्याचे स्वतःचे नुकसान अल्प, त्याच्यामुळे समाजाचे नुकसान अमाप, असा हा प्रकार आहे. रोग्याने स्वखुशीने येण्याची वाट पाहणारी व्यवस्था अशा ठिकाणी अपयशी ठरणारच. त्याला शोधून काढण्याचा खर्च शासनानेच उचलला पाहिजे.

मलेरियाविरोधी डीडीटी फवारणीने काळा आजार ओसरला, फवारणी आटोपली, आणि १९७७ मध्ये बिहारमध्ये त्याची मोठी साथ उसळली. पुढे बिहारमध्येच अँटिमनीची औषधे निष्प्रभ होऊ लागली. २०२३ मध्ये बांगलादेशाने सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून या रोगाचे उच्चाटन केल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. हे यश मोठे आहे; पण रुग्णसंख्या घटते तेव्हाच अंदाजपत्रकातील तरतुदीला कात्री लागण्याचा धोका सर्वांत अधिक असतो.

ब्रह्मचारींना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिकासाठी नामांकन मिळाले, १९३४ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला आणि १९३६ मध्ये इंदूरच्या भारतीय विज्ञान परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. ६ फेब्रुवारी १९४६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे औषध आज इतिहासजमा झाले आहे. त्यांचे निरीक्षण मात्र नाही. बऱ्या झालेल्या रोग्याकडे काही वर्षांनी पुन्हा जाऊन त्याची कातडी तपासणारा आरोग्यसेवक गावोगाव टिकविणे, हेच त्यांचे खरे स्मारक ठरेल.