कृष्णाच्या भूमिकेतील ख्रिस्ती नट : शाहू मोडक



सातारा-सांगली भागात घरभेटींना गेलो की कधी कधी आजी-आजोबांच्या ट्रंकेतून जुन्या सिनेमांच्या गाण्यांच्या चोपड्या बाहेर निघतात. पिवळे पडलेले कागद, कोपरे झिजलेले. पण जपलेले असतात अगदी प्रार्थनेच्या पुस्तकासारखे. त्यांत मोरपीस लावलेला एक देखणा चेहरा हमखास दिसतो. हे शाहू मोडक. कृष्ण झालेला हा नट ख्रिस्ती होता, असे सांगितले की तरुण मंडळी चकित होतात. काहींच्या मनात शंकाही येते. म्हणून आज त्यांच्याविषयी थोडे लिहीत आहोत.

शाहू मोडक यांचा जन्म २५ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगर येथे ख्रिस्ती कुटुंबात झाला. त्याच नगरमध्ये अनेक वर्षे सेवा करून रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ साली आपल्या साताऱ्यात आले होते. तुकोबांच्या अभंगांतून आपण ख्रिस्ताकडे पोहोचलो, असे टिळक मोकळेपणाने सांगत. संतांची वाणी परकी न मानणारे ख्रिस्ती लोक आपल्या मातीत तेव्हाही होते, हे लक्षात ठेवू या.

१९३२ साली भालजी पेंढारकरांनी दादासाहेब तोरणे यांच्या सरस्वती सिनेटोनसाठी ‘श्यामसुंदर’ काढला. त्यात चौदा वर्षांचा शाहू कृष्ण झाला आणि शांता आपटे राधा झाल्या. मुंबईत हा बोलपट सलग पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला. पुढच्याच वर्षी ‘औट घटकेचा राजा’ या चित्रपटात त्यांनी दुहेरी भूमिका केली. पुढे ते इतक्यांदा कृष्ण झाले की ती संख्या २९ चित्रपटांपर्यंत सांगितली जाते.

मात्र मुकुट उतरवल्यावरही त्यांच्यातील नट उरत असे. १९३९ साली प्रभातच्या ‘माणूस’ या चित्रपटात व्ही. शांताराम यांनी त्यांना गणपत हवालदार केले. वेश्यावस्तीतील मैनेला हा साधा पोलीस घर आणि मान देऊ पाहतो. ते साधत नाही, तो खचतो, जीव द्यायला निघतो. पण अखेर पुन्हा कर्तव्यावर उभा राहतो. मैनेची भूमिका शांता हुबळीकर यांनी केली होती. निराशेच्या काठावर उभ्या असलेल्या कोणाही तरुणाला हा चित्रपट आजही दाखवावा, असे आम्हांला वाटते. १९४० साली दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये ते ज्ञानेश्वर झाले. बाल ज्ञानेश्वराची भूमिका यशवंत या बालनटाने केली होती.

हे चित्रपट खेडोपाडी पोहोचले ते जत्रांतील तंबू सिनेमामुळे. पौराणिक खेळ सुरू झाला की साधी माणसे पडद्यासमोर हात जोडत. इथेच खरा प्रश्न उभा राहतो. एका ख्रिस्ती माणसाने ही भूमिका करावी का? आणि लोकांनी नटाला हात जोडावेत का?

आम्ही याचा असा विचार करतो. नट म्हणजे खूण. खुणेने जे दाखवले जाते ते वेगळे. ख्रिस्तसभेने ७८७ साली नायसियाच्या दुसऱ्या महासभेत हाच विवेक शिकवला, की प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेपाशी थांबत नाही, ती ज्याची आहे त्याच्याकडे जातो. आपणही संतांचे अवशेष जपतो ते कापडाच्या तुकड्यासाठी नव्हे. तंबूतल्या त्या म्हातारीचे हात मोडकांसाठी जोडलेले नव्हते. आणि मोडकांनी ती भूमिका सचोटीने केली, म्हणजे शेजाऱ्याच्या श्रद्धेची थट्टा न करता तिचा मान राखला. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने इतर धर्मांतील सत्य व पवित्र गोष्टींचा आदर करण्यास आपल्याला सांगितले. हा एक नट त्यापूर्वीच पडद्यावर तसा वागला होता. आपला विश्वास घट्ट धरून दुसऱ्याच्या विश्वासाचा आदर करता येतो. त्यासाठी आपली श्रद्धा पातळ करावी लागत नाही.

धोका आहे तो दुसरीकडे. खूण हीच देव समजली की माणूस फसतो. आजही नटांच्या फलकांना दुधाचा अभिषेक होतो. तिथे हात कोणासाठी जोडलेले असतात, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

११ मे १९९३ रोजी शाहू मोडक देवाघरी गेले. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने असे जुने चित्रपट जपण्याचे काम केले. उरलेले काम आपल्या ट्रंका करीत आहेत. तेव्हा घरातील जुनी चोपडी, जुने छायाचित्र रद्दीत घालू नका. नातवंडांना जवळ बसवा, तो चेहरा दाखवा आणि त्यामागचा माणूस सांगा. शेजारच्या घरातील सणाला जाताना मग त्यांचे पाऊल अडखळणार नाही.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.