हवेचे कोडे

इंग्लंडच्या उत्तर भागात, कंबरलंड परगण्यातील ईगल्सफील्ड या खेड्यात, १७६६ साली एका गरीब विणकराच्या घरी जॉन डाल्टनचा जन्म झाला. घरची स्थिती बेताची. म्हणून वयाच्या बाराव्या वर्षीच त्याने गावात शाळा चालवावयास घेतली. त्याचे काही विद्यार्थी तर आपल्या या गुरुजींहून वयाने मोठे होते! डाल्टनचे घराणे क्वेकर पंथाचे. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील पदव्या त्या काळी राजमान्य चर्चच्या अनुयायांनाच मिळत. त्यामुळे ती वाट त्याला बंदच होती.

पुढे केंडाल गावी शिक्षक असताना जॉन गॉफ या अंध विद्वानांशी त्याची ओळख झाली. त्यांच्यापाशी तो गणित व भाषा शिकला आणि त्यांच्याच सांगण्यावरून १७८७ पासून रोजच्या हवामानाची नोंद ठेवू लागला.

या नोंदी करता करता एक कोडे त्याच्यापुढे उभे राहिले. हवा निरनिराळ्या वायूंची बनलेली आहे, हे तोवर समजले होते. हे वायू सारख्या वजनाचे नाहीत. तेल पाण्यावर तरंगते. मग हवेत जड वायू तळाशी आणि हलका वायू वर, असे थर का पडत नाहीत?

१७९३ साली डाल्टन मँचेस्टर शहरी आला. तेथे त्याने एका बाटलीत जड कार्बन डायऑक्साइड भरला, तिच्यावर हलक्या हायड्रोजनची बाटली उभी केली आणि दोन्ही एका बारीक नळीने जोडल्या. काही तासांनी पाहतो तो काय, जड वायू वर चढलेला आणि हलका खाली उतरलेला! एकाच्या रिकाम्या जागेत दुसरा शिरतो, त्याअर्थी वायू हे सुट्या सुट्या कणांचेच असले पाहिजेत, अशी त्याची खात्री पटली. बर्फाचे पाणी होते, पाण्याची वाफ होते. पण कण तेच राहतात, त्यांच्यातील अंतर व बंधन तेवढे बदलते. मग निरनिराळ्या पदार्थांच्या कणांची वजने किती? १८०३ साली त्याने अशा वजनांचे पहिले कोष्टक मांडले आणि १८०८ साली आपला अणुसिद्धान्त ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

त्याचे सारेच बरोबर होते असे नाही. वायूचे कण उष्णतेच्या वेष्टनात स्थिर असतात, असे तो मानी. वस्तुतः ते क्षणभरही स्वस्थ नसतात. घनपदार्थात ते जागच्या जागी थरथरतात, द्रवात एकमेकांवरून घसरतात आणि वायूत तर मोकाट धावतात. आपल्या खोलीतील हवेचे कण सेकंदाला सरासरी ४०० मीटरांहून अधिक वेगाने धावत असतात. त्या धावपळीमुळेच हवेचे थर पडत नाहीत. कोड्याचे हे पुरते उत्तर मात्र डाल्टनच्या पश्चात मिळाले.

कीर्ती लाभली तरी तो मुलांना गणित शिकवूनच पोट भरीत असे. हवामानाची वही त्याने कधी सोडली नाही. २६ जुलै १८४४ च्या रात्री, अर्धांगवायूने थकलेल्या कापऱ्या हाताने, त्याने नेहमीप्रमाणे दिवसाची नोंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे निधन झाले. सत्तावन्न वर्षांच्या त्या नोंदींची संख्या दोन लाखांवर गेली होती.