सालाझारचा ताळेबंद

गोमंतकाला अंतोनियो द ऑलिव्हैरा सालाझार आठवतो तो हुकूमशहा म्हणून. तो सत्तेवर आला मात्र तलवार उपसून नव्हे, तर जमाखर्चाची वही काखोटीला मारून, याचे स्मरण फारसे कोणी ठेवीत नाही.

१८८९ साली सांता कोंबा द्यांव नजीकच्या खेड्यात, बेताच्या परिस्थितीतील घरात तो जन्मला. व्हिझेउच्या सेमिनारीत त्याचे शिक्षण झाले; पुढे कोइंब्रा विद्यापीठात तो अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला. १९२६ साली लष्कराने पोर्तुगालचे प्रजासत्ताक मोडले, पण तिजोरी रितीच राहिली. राष्ट्रसंघ कर्जासाठी साह्य करण्यास तयार होता. अट एवढीच की राज्याच्या वित्तव्यवहारावर त्याची देखरेख असावी. राष्ट्राभिमानाला ती मानवली नाही. परक्यांना नाकारलेला तो अधिकार एप्रिल १९२८ मध्ये सेनानींनी या एका प्राध्यापकाच्या हाती दिला. प्रत्येक खात्याची खर्चमर्यादा अर्थमंत्री आखणार, आणि कोणतीही वाढ तोच नाकारू शकणार!

वर्षभरात अंदाजपत्रकात शिल्लक दिसू लागली. कर वाढले होते, काटकसरही खरी होती. ते श्रेय आम्ही हिरावून घेत नाही. परंतु कोणता खर्च ‘साधारण’ आणि कोणता ‘असाधारण’, हे खर्च करणारा हातच ठरवीत होता. १९६१ पासून आफ्रिकेतील वसाहती राखण्यासाठी चाललेल्या युद्धांचा भार ‘असाधारण’ सदरात पडे आणि ‘साधारण’ सदराची शोभा कायम राही. हिशेब तपासणारे न्यायालय १९३० साली पुन्हा स्थापन झाले होते. पण वृत्तपत्रांवर सेन्सॉर आणि लोकसभेत एकाच पक्षाचे सभासद, तेव्हा जाब विचारणार कोण? गोव्यात तर लग्नपत्रिका छापायलाही परवानगी लागे.

१९६८ साली खुर्चीवरून पडल्यानंतर तो आजारी झाला व मार्सेलु कायतानु पंतप्रधान झाले. २७ जुलै १९७० रोजी मरण येईपर्यंत, सत्ता अजून त्याच्याच हाती आहे, असा देखावा भोवतालच्या माणसांनी त्याच्यापुढे चालू ठेवला होता.

त्याच्या वहीतून १९ डिसेंबर १९६१ रोजी सुटलेल्या गोव्याला भारतीय घटनेचे १५० वे कलम लाभले. सरकारी हिशेबांचा नमुना राष्ट्रपतींनी नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या सल्ल्याने ठरवावा, असे ते सांगते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने हा अधिकार केवळ विचारविनिमयापुरता उरविला होता. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने सल्ल्याचे बंधन घातले. २००२ साली महालेखापरीक्षकांनी लेखामानके सुचविण्यासाठी सल्लागार मंडळही नेमले. मात्र त्यात वित्त मंत्रालयाचे व राज्यांचे अधिकारीही बसतात, आणि मानके लागू होतात ती शासनाने अधिसूचित केल्यावरच. आमचा आक्षेप येथेच आहे.